आज्ञा मोडली की पाप लागतंच का? (धर्मशास्त्र, दहा आज्ञा, हराम-मकरूह, शील इत्यादी)

नारायणपेठी

आमच्या वाचनगटाच्या पुढच्या दोन बैठका 'पाप' या विषयावर आहेत. टिपणाच्या पहिल्या ओळीत कुणीतरी लिहून ठेवलंय: 'धर्माची आज्ञा मोडणे म्हणजे पाप.' ऐकायला सोपं आहे, पण मला ते अर्धवट वाटतं. एक तर आज्ञा सगळ्या एका जातीच्या नसतात. दुसरं, काही परंपरांमध्ये 'आज्ञा देणारा' असा कुणी नसतोच, तरी पाप असतं.

याज्ञवल्क्यस्मृतीत (३.२१९) पतनाची तीन दारं सांगितली आहेत: 'विहितस्याननुष्ठानान्निन्दितस्य च सेवनात् । अनिग्रहाच्चेन्द्रियाणां नरः पतनमृच्छति ॥' सांगितलेलं न करणं, निंदिलेलं करणं आणि इंद्रियांना आवर न घालणं. मनूतही (११.४४) जवळपास हेच आहे. यातलं तिसरं दार कुठल्याही एका आज्ञेला चिकटलेलं नाही, हे लक्षात घ्या.

मला एक तक्ता करायचा आहे. प्रत्येक परंपरेसाठी चार रकाने: आज्ञेचं वाक्य कसं असतं, ते मोडलं म्हणजे नेमकं काय झालं, नकळत घडलं तर काय, आणि फेडायचं कसं. विनंती दोनच. 'आमच्यात असलं काही नाही' एवढ्यावर प्रतिसाद संपवू नका. आणि श्लोकाचा क्रमांक देताना मनुस्मृतीच्या आवृत्त्यांमध्ये अकराव्या अध्यायात एकाचा फरक पडतो हे धरून चाला, त्यावरून भांडण नको.

लिङ्_लकार

त्या व्याख्येचा मीमांसेत, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावायच्या शास्त्रात, पहिल्या तासालाच निकाल लागतो. चार वाक्यं शेजारी ठेवा.

'न कलञ्जं भक्षयेत्', कलंज खाऊ नये. हा सरळ निषेध. यज्ञाचा संदर्भ नाही, माणसालाच सांगितलंय. खाल्लं तर खाणाऱ्याला प्रत्यवाय, म्हणजे आपल्या भाषेत पाप लागलं.

'नानृतं वदेत्.' हे वाक्य दर्शपूर्णमास यागाच्या प्रकरणात येतं. खोटं बोलू नये हे त्या माणसाला आधीपासूनच लागू आहे, मग इथे पुन्हा कशाला सांगितलं? उत्तर असं की हा निषेध क्रत्वर्थ आहे, यज्ञासाठी आहे. इथे खोटं बोललात तर यज्ञात वैगुण्य येतं. एकाच खोट्याची दोन खाती झाली: माणसाच्या खात्यावर एक, यज्ञाच्या खात्यावर दुसरं. प्रायश्चित्तंही त्यामुळे वेगळी.

'नेक्षेतोद्यन्तमादित्यम्.' उगवता सूर्य पाहू नये. दिसायला निषेधच. पण याच्या आधी 'तस्य व्रतम्' असा उपक्रम आहे. म्हणून मीमांसक याला पर्युदास म्हणतात: 'न पाहण्याचा संकल्प करावा' असा अर्थ. ज्याने ते व्रत घेतलंय त्याने सूर्य पाहिला तर व्रत मोडलं, फळ गेलं. व्रत न घेतलेल्याने रोज पर्वतीवर उभं राहून सूर्योदय पाहिला तरी त्याचं काही बिघडत नाही.

चौथं, 'पञ्च पञ्चनखा भक्ष्याः.' पाच नखांच्या प्राण्यांपैकी पाच खावेत: साळिंदराच्या दोन जाती, घोरपड, ससा, कासव. शब्दशः घेतलं तर ससा न खाणारा पापी ठरेल! पण भुकेला माणूस खाणारच, त्याला खा म्हणून सांगायची गरज नसते. म्हणून वाक्याचा रोख उलटा: या पाचांखेरीज इतर पंचनखी खाऊ नयेत. याला परिसंख्या म्हणतात. वाक्य 'करा' म्हणतं, पाप मात्र 'दुसरं केलं' तर.

पाठ करायचा असेल तर श्लोक हा: 'विधिरत्यन्तमप्राप्ते नियमः पाक्षिके सति । तत्र चान्यत्र च प्राप्ते परिसंख्येति गीयते ॥' जे मुळीच सुचलं नसतं ते सांगणं हा अपूर्वविधी. अनेक पर्यायांतून एकच धरायला लावणं हा नियम. भात नखांनीही सोलता येतो, पण यज्ञासाठी तो कांडूनच घ्यायचा. आणि दोन्हीकडे प्रवृत्ती असताना एकीकडून हटवणं म्हणजे परिसंख्या.

जोगेश्वरी_बोळ

दृष्टार्थ-अदृष्टार्थ राहिलं की. मनूच्या तिसऱ्या अध्यायात (३.७) मुलगी कुठल्या कुळातून करू नये याची यादी आहे, त्यात क्षय, अपस्मार, कोड असलेली कुळं येतात. शेजारीच सगोत्र, सपिंड नको असंही आहे. वाक्यरचना सारखीच. पण निबंधकार (स्मृतिवचनं गोळा करून निर्णय देणारे ग्रंथकार) म्हणतात की रोगाचं कारण डोळ्यांना दिसतं, म्हणून तो निषेध मोडला तरी विवाह विवाहच राहतो. सगोत्राचं कारण दिसत नाही, केवळ वचन आहे, म्हणून तिथे ती मुलगी भार्याच ठरत नाही. म्हणजे ज्या आज्ञेचं कारण समजतं ती मोडणं हलकं आणि जिचं कारण समजत नाही ती मोडणं जड. आजच्या माणसाला हे नेमकं उलटं वाटतं. 'शास्त्रामागचं विज्ञान' सांगणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही: विज्ञान सापडलं की त्या आज्ञेचं धर्मशास्त्रातलं वजन घटतं.

भगरआमटी

एकादशी मोडली तर कुठल्या खात्यात? आमच्याकडे 'पाप लागेल' हेच ऐकवतात.

लिङ्_लकार

एकादशी नित्यही आहे आणि काम्यही. नित्य म्हणून न केल्यास प्रत्यवाय, काम्य म्हणून केल्यास फळ. महाराष्ट्रात व्यवहारात बघतात तो 'धर्मसिंधु', पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा, १७९० च्या सुमाराचा. त्यात अधिकार आठ वर्षांवरच्याला आणि ऐंशी पुरी न झालेल्याला. तुमच्या घरच्या ऐंशी उलटलेल्या आजींना कुणी 'पाप लागेल' म्हणत असेल तर तो चुकतोय.

ती भीती येते ती या श्लोकातून: 'यानि कानि च पापानि ब्रह्महत्यादिकानि च । अन्नमाश्रित्य तिष्ठन्ति सम्प्राप्ते हरिवासरे ॥' एकादशीला सगळी पापं, ब्रह्महत्येसकट, अन्नात येऊन बसतात. हा अर्थवाद झाला. विधी एवढाच: उपवास करावा. बाकीचं मन वळवायला. अर्थवादाला विधी समजलं की भात खाणारा माणूस ब्रह्महत्यारा ठरतो, आणि असं कुठल्याही निबंधकाराने ठरवलेलं नाही.

टळटळीत_दुपार

आणि साबुदाणा? दक्षिण अमेरिकेतून आलेलं कंद, बटाटा तिथलाच, शेंगदाणाही तिथलाच, मिरचीही अमेरिका खंडातलीच. ऋषींना यातलं काय ठाऊक होतं?

लिङ्_लकार

नाव ठाऊक असायची गरज नाही, वर्ग ठाऊक होता. 'अष्टैतान्यव्रतघ्नानि आपो मूलं फलं पयः । हविर्ब्राह्मणकाम्या च गुरोर्वचनमौषधम् ॥' या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही: पाणी, मूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचा शब्द आणि औषध. टॅपिओका हे मूळच आहे, 'मूल' मध्ये बसलं. ओढूनताणून का होईना, पण बसलं. श्लोकाचा भाव 'अगदीच निभेना तर' असा आहे. दोन वाट्या खिचडी, वर दही आणि काकडीची कोशिंबीर, हा त्यावरचा पुणेरी विस्तार.

दिवस कुठला हा प्रश्न जास्त अवघड आहे. समजा पुण्यात सूर्योदय ६:१० ला आहे आणि दशमी पहाटे ५:२० ला संपते. स्मार्त सूर्योदय बघतो, त्या वेळी एकादशी आहे, त्याचा उपवास त्याच दिवशी. भागवत, म्हणजे वैष्णव, अरुणोदय बघतो, म्हणजे सूर्योदयाआधी चार घटिका. घटिका २४ मिनिटांची, चार म्हणजे ९६ मिनिटं, वेळ आली ४:३४. तेव्हा दशमी होती, म्हणून ती एकादशी विद्ध (दशमीचा स्पर्श झालेली), उपवास दुसऱ्या दिवशी. पंचांगात 'स्मार्त एकादशी' आणि 'भागवत एकादशी' अशा दोन ओळी दिसतात त्या यामुळे. म्हणजे एकाच वाड्यात वरच्या मजल्यावर भात शिजतोय आणि खाली उपवास आहे, आणि दोघंही आज्ञेतच आहेत.

पारण्याचंही असंच. द्वादशी संपायच्या आत सोडायला हवं. द्वादशी अगदी थोडी उरली असेल आणि स्वयंपाक व्हायचा असेल तर पाण्याने पारणं करतात, कारण पाणी पिणं म्हणजे खाल्लंही आणि नाहीही, असं श्रुतीच म्हणते. आज्ञा पाळणाऱ्यांनीच आज्ञेला ठेवलेली ही खिडकी आहे.

ग्रासमोजणी

फेडण्याच्या रकान्यासाठी आकडे देतो, कारण टिपणांत हे नेहमी चुकतं.

प्राजापत्य कृच्छ्र १२ दिवसांचं: तीन दिवस फक्त सकाळी जेवण, तीन दिवस फक्त संध्याकाळी, तीन दिवस न मागता मिळेल तेवढंच, शेवटचे तीन दिवस निराहार. हे प्रायश्चित्ताचं मोजमापाचं एकक समजा. जड पापाला इतकी कृच्छ्रं, हलक्याला अर्धं किंवा पाव, असा हिशेब लावतात.

चांद्रायणात घास मोजायचे. पिपीलिकामध्यात कृष्ण प्रतिपदेला १४ घास, रोज एक कमी, चतुर्दशीला १, अमावास्येला शून्य. मग शुक्ल प्रतिपदेला १ पासून पौर्णिमेला १५. मुंगीसारखं मध्ये बारीक. यवमध्य उलटं, जवाच्या दाण्यासारखं मध्ये फुगीर. बेरीज करा: १०५ आणि १२०, म्हणजे २२५. आता यतिचांद्रायण बघा: रोज मध्यान्ही ८ घास, ३० दिवस, म्हणजे २४०. मनू म्हणतो की कसेही का होईनात, महिन्यात 'तिस्रोऽशीतीः' म्हणजे तीन ऐंशी घास खाल्ले तरी चालेल, तेही २४० च. या दोन बेरजा एकमेकींत मिसळून '२४० घासांचं पिपीलिकामध्य' असं लिहिलेलं दिसतं, ते चूक.

घास केवढा? याज्ञवल्क्य मोराच्या अंड्याएवढा म्हणतो, पराशर कोंबडीच्या. दोन्हींत चांगलाच फरक आहे, त्यामुळे त्याच पापाला कुणाचा ग्रंथ लावला यावर पोट किती भरलं ते ठरणार.

आणि तिथीचा क्षय झाला तर एक दिवस गळतो, वृद्धी झाली तर वाढतो. घास तिथीला बांधलेले असल्याने नुसतं कॅलेंडर बघून मोजणी केली की गडबड होते.

कृच्छ्र झेपत नसेल तर प्रत्याम्नाय, म्हणजे बदली. एका प्राजापत्याला एक गाय, गाय नसेल तर तिचं मूल्य. पुढे पुढे मूल्यच उरलं. पाप म्हणजे कर्ज, ही मराठीतली सवय ('पाप फेडणं') या हिशेबाला चपखल बसते.

नारायणपेठी

वा. आणि महापातकं? 'गोहत्या हे महापातक' असं आमच्या टिपणात आहे.

ग्रासमोजणी

नाही. मनूची पाच (११.५४): ब्रह्महत्या, सुरापान, स्तेय, गुरुपत्नीगमन आणि हे करणाऱ्यांशी संसर्ग. छांदोग्यातही (५.१०.९) हीच पाच, क्रम वेगळा. स्तेय म्हणजे कुठलीही चोरी नव्हे, ब्राह्मणाच्या सोन्याची. संसर्ग वर्षभराचा. गोवध मनूच्या यादीत उपपातकांत येतो, आणि त्याच लांबलचक यादीत परदारागमन आणि स्वतःला विकणंही आहे. समाजाच्या मनातलं वजन आणि यादीतलं वजन यांत एवढी तफावत पडते. ही यादी कुणाच्या बाजूने लिहिली आहे हे सांगायला फार हुशारी लागत नाही: पाचांपैकी दोन पातकं ब्राह्मणाचा जीव आणि ब्राह्मणाचं सोनं यांचीच आहेत.

काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड (१९५३, भांडारकर प्राच्यविद्या संस्था) काढा, पातक आणि प्रायश्चित्त सगळं तिथे ओळीने आहे.

जोगेश्वरी_बोळ

नित्यकर्म न केल्याने पाप 'उत्पन्न' होतं का, यावरही वाद आहे. न करणं हा अभाव. अभावातून भावरूप पाप कसं निपजेल? शंकराचार्य तैत्तिरीय भाष्यात हेच विचारतात. मग 'अकुर्वन्विहितं कर्म' (सांगितलेलं कर्म न करणारा) या मनूच्या वचनाचं काय? ते म्हणतात, 'अकुर्वन्' मधला शतृ ('करत असलेला' असा अर्थ देणारा) प्रत्यय लक्षण दाखवतो, कारण नव्हे. संध्या न करणारा आहे यावरून त्याचं आधीचं पाप ओळखू येतं, संध्या टाळल्याने ते तयार झालं असं नाही. एका प्रत्ययावर 'न करण्याचं पाप' ही सगळी कल्पना उभी राहते किंवा पडते.

रास्तापेठ_शनिवार

बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाच्या बाजूने लिहितो. कोकणात आम्हाला 'शनिवार तेली' म्हणत, कारण घाणा शनिवारी बंद. नाव पडलं तेच मुळी एका आज्ञेवरून.

लोक दहा आज्ञांवर थांबतात. परंपरेत मोजल्या जातात त्या ६१३: २४८ 'करा' आणि ३६५ 'करू नका'. यातल्या बऱ्याच मंदिरातल्या यज्ञबलींच्या आहेत. मंदिर नाही म्हणून त्या आज पाळताच येत नाहीत, आणि न पाळल्याचं पापही नाही. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, 'काम करू नको' एवढंच वाक्य आहे. काम म्हणजे काय, हे मौखिक परंपरेने ३९ प्रकारांत बांधलं: पेरणं, दळणं, मळणं, शिवणं, दोन अक्षरं लिहिणं, विस्तव पेटवणं. जड टेबल घरातल्या घरात हलवलं तर घाम आला तरी त्या यादीतलं काम नव्हे. काडी पेटवणं मात्र यादीत, तिला कष्ट काहीच नाहीत. 'विश्रांती' या शब्दावरून पाप ठरवायला गेलात तर दोन्हीकडे चुकाल.

जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडायचा असतो, नुसती मुभा नाही. अपवाद तीनच: मूर्तिपूजा, निषिद्ध शरीरसंबंध आणि खून, यांतलं काही जीव वाचवायलाही करायचं नाही.

नकळत घडलं तर? बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातला पापबली मुख्यतः नकळत मोडलेल्या आज्ञेसाठीच आहे. पापाचा हिब्रू शब्द 'खेत', मूळ अर्थ नेम चुकणं. आणि योम किप्पूरचा (प्रायश्चित्ताच्या दिवसाचा) उपास माणूस-देव यांच्यातलं फेडतो; माणसा-माणसातलं समोरच्याची समजूत काढल्याशिवाय फिटत नाही, असं मिश्नात, म्हणजे मौखिक परंपरेच्या ग्रंथात, स्पष्ट आहे.

क्वार्टरगेट

ख्रिस्ती बाजू. 'सहावी आज्ञा मोडली' असं कुणी म्हणालं तर आधी विचारा, तुमचं चर्च कोणतं. कॅथलिक आणि लुथरन मोजणीत सहावी म्हणजे व्यभिचार. इतर बहुतेक प्रोटेस्टंटांत मूर्तीबद्दलची आज्ञा वेगळी दुसरी धरतात, म्हणून पुढचे आकडे एकाने सरकतात आणि सहावी होते खुनाची. शेवटी दहा जमवायला कॅथलिक 'लोभ धरू नको' चे दोन भाग करतात, शेजाऱ्याची बायको आणि शेजाऱ्याचं धन. मजकूर तोच, क्रमांक वेगळे.

कॅथलिकांत गंभीर पापाला तीन अटी एकदम लागतात: विषय गंभीर हवा, पुरती जाणीव हवी, स्वेच्छेची संमती हवी. एक उणी पडली तर ते तेवढं गंभीर नाही. म्हणून नकळत घडलेल्याचा प्रश्न इथे वेगळा सुटतो, कृत्य चुकीचं राहतं पण दोष कमी होतो. पापनिवेदनात (कोकणीत कुमसार) गंभीर पापांचा प्रकार आणि किती वेळा तेही सांगायचं. वर्षातून एकदा तरी, हा नियम १२१५ च्या लॅटरन परिषदेचा. चोरी असेल तर नुसती क्षमा पुरत नाही, वस्तू परत करायची.

देवाची आज्ञा आणि चर्चचा नियम वेगळे ठेवा. शुक्रवारी मांस नको हा चर्चचा नियम, अधिकारी तो सैल करू शकतात, आणि सैल केल्यावर कालचं पाप आज पाप राहत नाही. 'खोटी साक्ष देऊ नको' मात्र कुणालाही सैल करता येत नाही. प्रोटेस्टंटांत ही लहान-मोठ्याची उतरंड सहसा मानत नाहीत; याकोबाच्या पत्रातलं 'एका बाबतीत चुकला तो सगळ्यांबाबत दोषी' हे वचन पुढे करतात. त्याच पत्रात, बरं काय ते कळूनही न करणं हेही पाप म्हटलंय, म्हणजे शंकराचार्यांच्या शतृच्या नेमकं उलट.

अवांतर: 'पाप फेडणं' वरून आठवलं. मराठी प्रभूच्या प्रार्थनेत मत्तयात 'आमची ऋणे आम्हास सोड' असंच आहे. इथे फेडत नाहीत, सोडवून घेतात.

गंजपेठ

आमच्यात, मुसलमानांत, आज्ञेची जात आधीच शिक्का मारून येते: फर्ज (सक्तीचं), वाजिब (त्याखालोखाल आवश्यक), सुन्नत (पैगंबरांचा पायंडा), मुबाह (मोकळं), मकरूह (नापसंत), हराम (मनाई). हनफी आणि शाफई हे दोन मजहब, म्हणजे धर्मनियमांच्या शाखा. फर्ज आणि वाजिब वेगळे धरणं हे हनफींचं, शाफईंमध्ये दोन्ही साधारण एकच. फर्ज सोडणं गुनाह. मुबाह केलं काय, न केलं काय, सारखंच. मकरूहातही हनफी दोन करतात: हरामाकडे झुकणारं तहरीमी आणि नुसतं नापसंत तनझीही. 'मकरूह म्हणजे पाप' असं सरसकट लिहू नका.

मजहब बदलला की यादी बदलते, याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे समुद्रातलं खाणं. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, त्यांना खेकडा चालतो. पुण्यातले दखनी बहुतेक हनफी, त्यांच्यात पाण्यातली मासळी तेवढी हलाल, खेकडा नाही. कोळंबीवर हनफींमध्येच दोन मतं, कारण प्रश्न हा की कोळंबीला 'मासळी' म्हणायचं का. एकाच दस्तरख्वानावर दोघं बसले तर एकाचं जेवण दुसऱ्याला मनाई.

नकळत: रोजा असल्याचं विसरून खाल्लं तर हनफी आणि शाफई दोघांतही रोजा तुटत नाही. सूर्य बुडाला समजून खाल्लं आणि बुडाला नव्हता, तर तो रोजा पुन्हा ठेवायचा, कजा. जाणूनबुजून तोडला तर कफ्फारा: सलग ६० रोजे, मध्ये एक तुटला की पहिल्यापासून, तेवढी ताकद नसेल तर ६० गरिबांना जेवण. जाणूनबुजून खाण्यापिण्याने कफ्फारा लागतो हे हनफी मत. शाफईंमध्ये तो फक्त दिवसा शरीरसंबंधाने रोजा तोडला तर.

तौबेत केलेलं थांबवणं, पस्तावणं, पुन्हा न करण्याचा इरादा. माणसाचा हक्क मारला असेल तर चौथी अट, हक्क परत. रास्तापेठकरांनी वर लिहिलंय तसंच.

मार्केटयार्ड_गाळा

जैनांत आज्ञा मोडल्याने कुणी रागावत नाही. कर्म चिकटतं. 'प्रमत्तयोगात् प्राणव्यपरोपणं हिंसा' हे तत्त्वार्थसूत्र वाचा, 'प्रमत्तयोगात्' हा शब्द सगळं ठरवतो. सावध पावलाखाली किडा मेला आणि बेसावध चालताना एकही मेला नाही, यात दुसऱ्याचा दोष मोठा.

मोडण्याच्या पायऱ्याही आहेत: अतिक्रम (मन ढळलं), व्यतिक्रम (कुंपण ओलांडलं), अतिचार (अंशतः मोडलं), अनाचार (पूर्ण). गृहस्थाच्या अहिंसाव्रताचे पाच अतिचार: बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, जास्त ओझं लादणं, अन्नपाणी तोडणं. हमालाच्या पाठीवर शंभर किलोचं पोतं चढवणारा व्यापारी चौथ्यात येतो, रात्रीभोजनाचा त्याग कितीही काटेकोर पाळत असला तरी.

देहूरोड_लोकल

पंचशीलात क्रियापद बघा: 'वेरमणी सिक्खापदं समादियामि', विरत राहण्याची शिकवण मी स्वीकारतो. प्रथमपुरुष. आज्ञार्थ नाहीच. वर लिङ्_लकार यांनी सूर्य न पाहण्याचं व्रत सांगितलं, त्याच्या जवळ जातं. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दिल्या त्याही २२ प्रतिज्ञाच. शील मोडलं तर ते पुन्हा ग्रहण करतात.

हत्या पूर्ण ठरायला अट्ठकथांत (पाली भाष्यांत) पाच अंगं लागतात: जिवंत प्राणी, तो जिवंत आहे ही जाणीव, मारायचं चित्त, प्रयत्न आणि त्याने आलेला मृत्यू. भिक्खूंचं वेगळं: पातिमोक्खात, म्हणजे त्यांच्या नियमावलीत, २२७ नियम, त्यातले चार पाराजिक मोडले की संघातून कायमचा बाहेर. या चारांत चोरी, मनुष्यवध आणि मैथुनाबरोबर आध्यात्मिक प्राप्तीचा खोटा दावा आहे. ही बाब मला सगळ्या याद्यांत वेगळी वाटते.

इंद्रायणीकाठ

एवढं सगळं कशाला? तुकोबांनी एका ओळीत संपवलंय: 'पुण्य पर उपकार पाप ते परपीडा.'

जोगेश्वरी_बोळ

ओळ थोर आहे, पण ती यादीच मोडीत काढते. यादी कशी चालते ते सांगत नाही. परपीडा ही एकच कसोटी लावली तर वरची एकादशी, सगोत्र, शब्बाथची काडी सगळं गळून पडतं. आणि माळ घातल्यावर वारकऱ्याला एकादशी, वारी, मांस-मद्य वर्ज्य हे नियम आहेतच. ते परपीडेतून निघत नाहीत, घेतलेल्या व्रतातून निघतात.

इंद्रायणीकाठ

मांस परपीडेतून निघतं हो. बाकीचं मान्य.

चिंचेची_तालीम

पुण्यातली दोन प्रकरणं तक्त्याशेजारी ठेवा.

पहिलं १८९० चं पंचहौद मिशनमधलं चहापान. टिळक, रानडे असे बरेच जण गुरुवार पेठेतल्या मिशनमध्ये व्याख्यानाला गेले, चहा-बिस्किटं पुढे आली, काहींनी घेतली, काहींनी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोशांनी नावं छापून आणली, ग्रामण्य (जातबहिष्काराचा वाद) उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांच्या पंचांपुढे गेलं. स्मृतीत चहा कुठे? नाहीच. पाप चहाचं नव्हतं, कोणाच्या हातचं आणि कुठे हे होतं. म्हणून तक्त्यात 'पदार्थ' असा रकाना केलात तर हे प्रकरण कुठेच बसणार नाही. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारकांनीच त्यांच्यावर टीका केली.

दुसरं त्याच्या पाठोपाठचं, संमतीवयाचं बिल. मुलीचं संमतीवय १० वरून १२, कायदा झाला १९ मार्च १८९१ ला. विरोधकांचं म्हणणं: प्रथम ऋतूनंतर १६ रात्रींत गर्भाधान हा संस्कार आहे, कायदा तो चुकवायला लावतो, म्हणजे सरकार आमच्याकडून पाप करवतं. टिळक विरोधात. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी त्या वर्षी इंग्रजीत टिपण काढून ग्रंथांच्याच आधारे दाखवलं की पहिल्याच ऋतूची तशी सक्ती नाही.

लिङ्_लकार

आणि या वादाच्या मुळाशी तोच नियम-परिसंख्येचा प्रश्न आहे! 'ऋतौ भार्यामुपेयात्', ऋतुकाळी पत्नीकडे जावं. नियम धरला तर ऋतुकाळी न जाणारा दोषी. परिसंख्या धरली तर अर्थ 'ऋतूखेरीज जाऊ नये' एवढाच, आणि न जाणाऱ्याला काहीच दोष नाही. मिताक्षरेत, म्हणजे याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या टीकेत, विज्ञानेश्वर या दोन्ही पक्षांवर पानंच्या पानं लिहितो आणि नियमाच्या बाजूला उतरतो. सातआठशे वर्षांनी त्याच वाक्यावर पुण्यात सभा उधळल्या. एका बाजूला बारा वर्षांची पोर, दुसऱ्या बाजूला एका विधिलिङाचा ('करावं' अशा क्रियापदाचा) अर्थ.

टळटळीत_दुपार

पराशराचंही टाका त्याशेजारी. 'नष्टे मृते प्रव्रजिते क्लीबे च पतिते पतौ', पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती. पुनर्विवाहाच्या विरोधकांचा आधार व्याकरणाचा: सप्तमीत 'पत्यौ' हवं, 'पतौ' अशुद्ध; म्हणून मध्ये लपलेला अवग्रह धरून 'अपतौ' वाचा, म्हणजे अजून पती न झालेला, नुसतं वाग्दान झालेला. एक अक्षर लपवलं की विधवेचं लग्न पुन्हा पाप.

नारायणपेठी

भरून पावलो. तक्त्यात बदल करतोय. 'आज्ञेचं वाक्य' या रकान्याचे तीन केले: दुसऱ्याने दिलेली आज्ञा, स्वतः घेतलेलं व्रत किंवा शील, आणि कुणीच न दिलेली, वस्तुस्थितीतून निघणारी. पहिल्यात निषेध, ६१३, दहा आज्ञा, फर्ज-हराम. दुसऱ्यात सूर्याचं व्रत, पंचशील, माळ. तिसऱ्यात जैन. एकादशी पहिल्या-दुसऱ्यात दोन्हीकडे टाकली. चांद्रायणाच्या बेरजा २२५ आणि २४० वेगळ्या ओळींत.

मार्केटयार्ड_गाळा

जैन नुसते तिसऱ्यात नाहीत. अणुव्रतं (गृहस्थाची छोटी व्रतं) घेतलेली असतात, म्हणून अतिचारांची ओळ दुसऱ्या रकान्यात जाईल. कर्मबंध तेवढा तिसऱ्यात.

गंजपेठ

आणि नवसाचा, म्हणजे नज्रचा रोजा दुसऱ्यात टाका. घ्यायची सक्ती नव्हती, पण एकदा बोललं की वाजिब. तो आपण होऊन दुसऱ्या रकान्यातून पहिल्यात जातो, बाण काढावा लागेल तक्त्यात.

नारायणपेठी

बाण काढला. एकादशीलाही काढू का?

लिङ्_लकार

एकादशीला उलटा काढा. नित्य म्हणून ती पहिल्यात आहेच, संकल्प सोडला की दुसऱ्यात येते. आणि 'स्मार्त / भागवत' अशी खाली टीप हवी, नाहीतर बैठकीत पहिली अर्धी घटका तिथेच जाईल.